वाचकांचे प्रश्न: मुद्दल जागच्या जागीच

मागच्या अंकात मी आफ्रिकेतल्या झांबियाच्या कर्जावर लिहिलं होतं, अशा गरीब देशांची कर्जं सोडायला हवीत असं, आणि त्यातच आमच्या घरची एक गोष्टही सांगितली होती. ज्यांच्या हातात तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८७ साली वागळे इस्टेटमधली वडिलांची कंपनी बंद पडली, त्यांनी ओळखीतल्या एकाकडून पाच टक्क्याने आठ हजार उचलले, हे पाच टक्के महिन्याचे बरं का, म्हणजे दर एक तारखेला चारशे रुपये नुसतं व्याज, आणि साडेचार वर्षं देऊनसुद्धा मुद्दल आठच्या आठ हजार तसंच. माझ्या धाकट्या बहिणीची शाळा त्यात सुटली. ह्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की ह्या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतेय. नावं कोणाची छापत नाही, फक्त एरिया लिहिते.

नौपाडा, ठाणे: मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा वसुलीत. घेतलेलं फेडायचं एवढं साधं तत्त्व आहे. तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं पण देशांचं वेगळं, त्यांच्याकडे खाणी आहेत, तेल आहे, मंत्री विमानाने फिरतात. एकदा माफ केलं की पुढच्या वेळी कोण फेडणार? शिस्तच जाईल.

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वसुलीत अकरा वर्षं काढलेला माणूस बोलतोय म्हणजे ते ऐकून घ्यायलाच हवं. पण तुम्हालाच विचारते, एखादं खातं अगदीच बुडीत निघालं की बँक काय करायची? ओटीएसला, म्हणजे एकरकमी तडजोडीला, बसायची ना, व्याज सोडायची, कधी मुद्दलातलंही थोडं सोडायची आणि खातं बंद करून मोकळी व्हायची. कंपनी बुडाली तर आपल्याकडे २०१६ पासून दिवाळखोरीचा कायदा आहे, प्रकरण एनसीएलटी नावाच्या कंपनी न्यायाधिकरणात जातं, कोणाला किती मिळणार ते तिथं ठरतं. देश बुडाला तर त्याच्यासाठी जगात असं एकही कोर्ट नाही. कर्ज देणारे स्वतःच एकत्र बसतात आणि स्वतःच ठरवतात, म्हणजे सावकारच पंच. हे तुमच्या शिस्तीत तरी बसतं का?

आणि तत्त्वाचंच म्हणाल तर आपल्याकडे एक फार जुनं तत्त्व होतं, दामदुपट. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, शंभर दिले असतील तर एका वेळी फार तर दोनशे मागायचे, पुढं नाही. मुंबई इलाख्यातली इंग्रजांची कोर्टंसुद्धा हिंदू कर्जदारांसाठी हा नियम मानायची. आता नायजेरियाचं बघा. २००० साली जपानमधल्या ओकिनावाला जी-८ ह्या बड्या देशांची परिषद झाली तेव्हा नायजेरियाचे अध्यक्ष ओबासान्जो यांनीच हिशेब मांडला होता की १९८५-८६ पर्यंत आम्ही साधारण ५०० कोटी डॉलर घेतले, १,६०० कोटी फेडले, आणि तरी तुम्ही म्हणता अजून २,८०० कोटी बाकी आहेत. व्याज, थकलेल्या व्याजावर व्याज, वर दंड. काका, तुमच्या बँकेत असं खातं कोणी आणलं असतं तर मॅनेजरने आधी लेजर मागवलं असतं की नाही? शेवटी २००५ मध्ये पॅरिस क्लब ह्या कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाने १,८०० कोटी सोडले, तेही नायजेरियाकडून १,२०० कोटी डॉलर रोख घेऊन. अर्थमंत्री न्गोझी ओकोंजो-इवेला होत्या, आज जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख आहेत त्याच. त्या वेळी तेलाचे भाव चढे होते म्हणून एवढी रोकड हातात होती, ज्याच्याकडे तेल नाही त्याने काय करायचं?

घेतलं कोणी हाही प्रश्न आहेच. फिलिपिन्समध्ये हुकूमशहा मार्कोसच्या काळात बाताआन इथं अणुवीज केंद्र बांधलं, २०० कोटी डॉलरच्या वर खर्च, भूकंपाच्या पट्ट्यात, आणि त्यातून एक युनिट वीज कधी आली नाही. मार्कोस १९८६ मध्ये पळाला. त्या केंद्राचं कर्ज तिथले लोक २००७ पर्यंत फेडत होते, म्हणजे ज्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती मोठी होऊन टॅक्स भरायला लागली तेव्हा कुठं ते मिटलं. कर्ज देणाऱ्यांना समोर कोण बसलाय ते दिसत नव्हतं असं मला नाही वाटत. तुम्ही लोन पास करताना अर्जदार बघायचात, प्रोजेक्ट बघायचात, साइटवर जायचात. इथं ते केलंच नाही, आणि न केल्याची शिक्षा मात्र अर्जावर ज्यांची सही नाही त्यांना.

१९७३ नंतर तेल महागलं, अरब देशांचे डॉलर लंडन-न्यूयॉर्कच्या बँकांत साठले, ते कुठं तरी फिरवायला हवेत म्हणून बँकांनीच गरीब देशांच्या दारात जाऊन कर्जं वाटली, आणि व्याज बदलतं ठेवलं. मग अमेरिकेने आपली महागाई रोखायला १९८०-८१ मध्ये दर वीस टक्क्यांपर्यंत नेले. ज्याने सहा-सात टक्क्यांच्या हिशेबाने घेतलं होतं त्याचा हप्ता रातोरात कुठच्या कुठं. ऑगस्ट १९८२ ला मेक्सिकोने हात वर केले आणि मग रांगच लागली. ह्यात झांबियातल्या एखाद्या गरीब बाईने कुठली शिस्त मोडली होती, सांगा.

आणि माफ केलं की फेडणारे बिघडतात ही तुमची भीती, तर १९५३ चा लंडन करार बघा. पश्चिम जर्मनीचं जवळपास निम्मं कर्ज सोडून दिलं, उरलेल्याचे हप्ते असे बांधले की निर्यातीतून जे वर उरेल त्यातून भरा. सोडणाऱ्यांत ग्रीससुद्धा होता. जर्मनी बिघडली नाही, उभी राहिली. मग आफ्रिकेच्या वेळी ते शहाणपण आठवायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं का लागावीत, ह्याचा मला अजून राग येतो.

ऐरोली, नवी मुंबई: मॅम, मी बारावी कॉमर्सला आहे, ह्यावरच प्रोजेक्ट करतेय. देशाला डॉलरच का लागतात, स्वतःच्या नोटा छापून फेडता येत नाही का? आणि नाहीच फेडलं तर काय, देशावर जप्ती येते का?

अगं, जप्ती येते! २०१२ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं शिडाचं जहाज, लिबर्ताद, प्रशिक्षणाच्या फेरीवर घानाच्या तेमा बंदरात थांबलं होतं, तिथंच कोर्टाच्या ऑर्डरने अडकवून ठेवलं. कोणी? अर्जेंटिनाचे बुडीत बॉन्ड, म्हणजे कर्जरोखे, स्वस्तात उचलून पूर्ण वसुलीसाठी मागे लागलेल्या एका फंडाने. ऑक्टोबर ते डिसेंबर जहाज तिथंच, शेवटी समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने सोडवलं. विचार कर, उद्या आपल्या नेव्हीचं जहाज परदेशात असं कोणी धरून ठेवलं तर काय वाटेल.

ह्या फंडांना लोक गिधाड फंड म्हणतात आणि मला तरी ते नाव बरोबर वाटतं. झांबियाने १९७९ मध्ये रोमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीचं सामान उधारीवर घेतलं होतं. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, रोमानिया ते सोडायला तयार होता आणि बोलणी चालू होती, तेवढ्यात डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने ते कागद ३० लाख डॉलरच्या थोड्या वर किंमतीत विकत घेतले आणि पुढं लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. २००७ च्या निकालात एवढे नाही, पण दीड कोटीच्या वर द्यावे लागले. बाकीच्यांनी झांबियाचं जे माफ केलं होतं त्यातलाच घास हा. ह्यावरून एवढी बोंबाबोंब झाली की २०१० ला ब्रिटनने कायदाच केला, अशा गरीब देशांच्या जुन्या कर्जावर पूर्ण वसुली मागता येणार नाही असा. बॉन्डचे करार बहुतेक लंडन नाही तर न्यूयॉर्कच्या कायद्याखाली होतात, म्हणून त्या दोन ठिकाणचा कायदा बदलला की झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, फरक पडतो.

आता नोटांचं. रुपयात घेतलेलं कर्ज रुपये छापून फेडता येईल, महागाई बोकांडी बसेल पण फेडता येईल. गरीब देशाला मात्र त्याच्या स्वतःच्या चलनात बाहेरचं कोणी फारसं देतच नाही, डॉलरमध्ये देतात, आणि डॉलर मिळवायचे म्हणजे काही तरी बाहेर विकायला हवं, तांबं, कॉफी, कपडे, नाही तर टुरिस्ट यायला हवेत. श्रीलंकेत २०२२ मध्ये काही महिन्यांत डॉलर दोनशे रुपयांवरून साडेतीनशेच्या पुढं गेला. कर्ज डॉलरमध्ये होतं तेवढंच, पण सरकारकडे टॅक्स येतो तो तिथल्या रुपयात, मग तोच हप्ता भरायला जवळजवळ पावणेदोन पट टॅक्स लागणार. तुझ्या बाबांचा पगार तोच आणि होम लोनचा ईएमआय बँकेने न सांगता पावणेदोन पट केला तर घरात आधी काय बंद होईल, ते लिहून काढ. तुझ्या प्रोजेक्टचं पहिलं पान तेच होईल बघ.

आपणही ह्या दारात उभे राहून आलोय. १९९१ ला आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या फोर्टमधल्या तिजोरीतून सोनं निघालं, सहार विमानतळावरून लंडनला गेलं, जवळपास ४७ टन, गहाण ठेवायला. घरातलं मंगळसूत्र सावकाराकडे जाताना जसं कोणाला दिसू नये म्हणून नेतात तसंच गुपचूप नेलं होतं आणि बातमी फुटली तेव्हा लोक खरंच रडले. आपण वाचलो कारण आपला पसारा मोठा, बाजारपेठ मोठी. मलावीकडे गहाण टाकायला ४७ टन सोनं कुठून येणार. आणि हेही लिहून ठेव की पुढं २००३ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री जसवंत सिंहांनी गरीब कर्जबाजारी देशांना आपल्याकडूनही सवलत जाहीर केली होती. मला त्याचा अभिमान वाटतो.

वाशी मार्केट, नवी मुंबई: ताई, माझा कांद्याचा धंदा. २०२२ ला कोलंबोच्या पार्टीचं पेमेंट पाच महिने अडकलं. माणूस वीस वर्षांच्या ओळखीचा, रडायचा फोनवर, म्हणायचा भाऊ पैसे आहेत पण बँक डॉलर देत नाही. मला तेव्हा वाटलं थापा मारतोय. खरं काय होतं?

दादा, खरंच बोलत होता तो. त्याच्या खात्यात त्यांचे रुपये असणार, पण बँकेकडे डॉलरच नव्हते, त्या दिवसांत कोलंबो बंदरात खाण्याच्या मालाचे शेकडो कंटेनर सोडवायला डॉलर नाहीत म्हणून पडून होते. कागद नाही म्हणून मार्चमध्ये शाळांच्या परीक्षा पुढं ढकलल्या, पेट्रोलच्या रांगेत माणसं रात्र काढायची. १२ एप्रिलला सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्ज आता फेडू शकत नाही, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. कारणं बरीच होती, २०१९ ला भरमसाट टॅक्स कमी केला, कोविडमध्ये टुरिस्ट थांबले, २०२१ ला एका फटक्यात रासायनिक खत बंद करून भाताचं पीक घालवलं. चुका तेव्हा सत्तेवर असलेल्या राजपक्षे मंडळींच्या, आणि रांगेत उभा तुमचा तो गिऱ्हाईक. भारताने त्या वर्षी साधारण ४०० कोटी डॉलरची मदत केली, त्यात इंधन होतं, तांदूळ होता, औषधं होती. त्याच्याशी परत धंदा चालू झाला असेल तर एकदा फोन करून सांगा की तेव्हा तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याला बरं वाटेल.

खारघर, नवी मुंबई: हे सगळं चीनचं कारस्थान आहे ना?

चीनने बरीच कर्जं दिलीत, त्यांच्या अटी गुप्त असतात आणि कर्ज कमी करायच्या बोलण्यांत त्यांनी वेळ काढला हे खरं. पण श्रीलंकेवर चीनपेक्षा मोठं देणं खाजगी बॉन्डवाल्यांचं होतं. झांबियाने २०१२ ला पहिला डॉलर बॉन्ड काढला तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास, २०१५ चा तिसरा नऊ टक्क्यांच्या वर गेला. घेणारे बहुतेक पाश्चात्त्य बाजारातले. एकाच देशावर सगळं ढकललं की बाकीचे सुटतात, ते मला मान्य नाही.

कळवा, ठाणे: ताई नमस्कार. आमचा चौदा बायकांचा बचत गट आहे. गटातल्या एकीचा नवरा वारला तेव्हा आम्ही तिचं व्याज सोडलं, हप्ता निम्मा केला, पण रजिस्टर सगळ्यांसमोर उघडून केलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मला विचारायचंय की ह्या देशांचं माफ झालं तर पैसा गरिबाच्या घरात पोचतो का? का वरच्या वरच खातात?

ताई, ह्या पोतडीतलं सगळ्यात भारी पत्र तुमचं. तुम्ही जे एका संध्याकाळी चटईवर बसून केलंत ना, ते झांबियासाठी करायला जी-२० ह्या मोठ्या देशांच्या गटाने कर्ज कमी करायला ठरवलेली चौकट असून २०२० च्या नोव्हेंबरात हप्ता बुडाला तेव्हापासून २०२४ उजाडलं. सरकारांशी तोडगा २०२३ च्या जूनमध्ये निघाला, बॉन्डवाल्यांशी त्याच्या पुढच्या वर्षी. तेवढी वर्षं देश लटकलेला, नवीन कोणी देत नाही, जुने सोडत नाहीत.

पोचतो का? पोचलाय, आणि कुठं कुठं बुडालाही आहे, दोन्ही सांगते. जागतिक बँक आणि नाणेनिधीने अति कर्जबाजारी गरीब देशांसाठीची योजना १९९६ ला काढली, पण ती इतकी कंजूष होती की लोकांनी उचलून धरल्याशिवाय हलली नाही. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ चे पुढारी जमले तेव्हा सत्तरेक हजार माणसांनी हातात हात धरून साखळी केली, त्यात चर्चच्या म्हाताऱ्या बायका होत्या, कामगार संघटना होत्या, कर्ज माफ करा एवढंच मागणं. १९९९ ला योजना सुधारली, २००५ ला ग्लेनईगल्सच्या जी-८ परिषदेनंतर नाणेनिधी आणि जागतिक बँकेचं देणंही सुटलं. आतापर्यंत ३७ देश त्यातून पार झाले, शेवटचा सोमालिया, डिसेंबर २०२३ मध्ये.

युगांडाला सगळ्यात आधी, १९९८ ला, सवलत मिळाली. तिथं आदल्याच वर्षी प्राथमिक शाळेची फी काढली होती आणि एका वर्षात मुलं तीसेक लाखांवरून पन्नास लाखांच्या पुढं गेली, झाडाखाली वर्ग भरायचे. सुटलेला हप्ता त्यांनी वेगळ्या गरिबी निधीत टाकला, कशावर खर्च करायचा ते आधी ठरवून. पण त्याच्या आधीची गोष्ट तुमच्या रजिस्टरची आहे. १९९१ ते ९५ मध्ये सरकार शाळांना माणशी जे अनुदान पाठवायचं त्यातलं शंभरातलं सरासरी तेराच शाळेत पोचायचं, बाकी वाटेत. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पाठवलं ते पेपरात छापायला आणि रेडिओवर सांगायला सुरुवात केली आणि शाळांना सांगितलं, आलेला आकडा भिंतीवर लावा. आईबाप वाचायला लागले, मास्तरला विचारायला लागले. काही वर्षांत शंभरातले ऐंशीच्या आसपास पोचायला लागले. बचत गट चालवणाऱ्या बाईला हे मी काय समजावणार, पण कागद भिंतीवर लावला की काय होतं ते तुम्हाला माहितीय.

झांबियात कर्जाच्या अटींपायी दवाखान्यात केसपेपरचे पैसे घ्यायला लागले होते. २००५ ला कर्ज सुटलं, एप्रिल २००६ पासून खेड्यातल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आलेली बाई पैसे नाहीत म्हणून दारातून परत जात होती, ती आत जायला लागली. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे, पण तुम्ही विचारलंय म्हणून बुडाल्याचंही सांगते. मोझांबिकचं कर्ज ह्याच योजनेत सुटलं होतं, आणि तिथल्याच बड्या लोकांनी २०१३-१४ मध्ये ट्यूना मासेमारीच्या बोटी आणि किनाऱ्यावरच्या गस्तीच्या नावाखाली जवळपास २०० कोटी डॉलर सरकारी हमीवर उचलले, संसदेला न विचारता, लपवून. २०१६ ला फुटलं, नाणेनिधीने हात आखडता घेतला, चलन कोसळलं. रजिस्टर सगळ्यांसमोर नव्हतं, ताई. आणि देणाऱ्या परदेशी बँकांनीही ते विचारलं नव्हतं.

आज परिस्थिती पुन्हा वाईट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने ३४० कोटी माणसं अशा देशांत राहतात जिथं सरकार शाळेपेक्षा नाही तर दवाखान्यापेक्षा व्याजावर जास्त घालवतं. नुसत्या व्याजावर, मुद्दल धरलेलं नाही.

आपल्याच मुलखातली एक गोष्ट तुमच्या गटात सांगा. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले. माणसं मारायला गेले नव्हते, वह्या आणि कर्जखतं मागायला गेले होते, मिळाली ती रस्त्यात जाळली. गावोगाव तेच झालं. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, त्यात कोर्टाला अधिकार दिला की कागदावर काय लिहिलंय तेवढंच बघू नका, मागं जाऊन मुळात किती दिले होते आणि किती फिटले ते बघा. हे एवढंच तर नायजेरिया, झांबिया मागत होते.

वागळे इस्टेट, ठाणे: मॅडम, तुमच्या घरचं ते आठ हजार शेवटी मिटलं कसं? मागच्या वेळी लिहिलं नाहीत.

खरंय, राहिलं. सासवडहून मामा आले. त्यांनी वडिलांची ती निळी लाँग वही मागितली, वडील दर महिन्याला त्यात तारीख टाकून चारशे लिहायचे, पेन कधी निळं कधी काळं. मामांनी पाटावर बसून बेरीज केली, चौपन्न वेळा चारशे, एकवीस हजार सहाशे. मग वडिलांना घेऊन त्या माणसाच्या घरी गेले, मीही बरोबर होते, दाराजवळ उभी. मामा आवाज न चढवता म्हणाले, दामदुपटीच्याही वर गेलंय, आता मुद्दलाचं बोला. तो खूप वेळ वहीकडे बघत होता. दोन हजारावर तुटलं, दोन हप्त्यांत. जूनमध्ये बहीण परत शाळेत गेली, पाचवीतच, वय सातवीचं. ती वर्गात सगळ्यात उंच होती म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवायचे.